चाड्यावर मूठ, पोळ्यावर नजर!

माहीत आहे का? विदर्भातला एक सुपरहिट तांदूळ चक्क मनगटी घड्याळाच्या नावाने विकला जातो!

तोच तो, एचएमटी! जन्मगाव नांदेड. थांबा, मराठवाड्यातलं नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं छोटंसं नांदेड. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांची शाळा तिसरीतच सुटली होती, पण नजर पीएच.डी.वाल्यांना लाजवेल अशी. १९८३ च्या सुमारास धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. दादाजींनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, त्यातून पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. वर्षानुवर्षं हाच सिलसिला! वाण तयार झालं तेव्हा एचएमटी घड्याळांची क्रेझ होती. तांदळाने बरोब्बर टाइम साधला.

तर आजचा मेन्यू असा आहे: छोट्या शेतीतली आणि गावकारागिरीतली जुनी स्किल्स. हातांनी शिकायची, डोळ्यांनी मुरवायची. आणि गंमत म्हणजे यातल्या एकेका कौशल्याच्या पोटात भन्नाट सायन्स दडलंय. बाह्या सरसावा, निघूया!

बियाण्याची बँक, राखेचं लॉकर

शाळेची पायरी कधी न चढलेली शेतकरीण बीबीसीच्या जगभरातल्या शंभर महिलांच्या यादीत? होय, २०१८ साली! अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि 'बीजमाता' हे नाव घरोघरी पोचलं. त्यांच्या बँकेत पैसे नाहीत, वाल आहेत, घेवडे आहेत, भात आहे, नागली आहे. व्याज म्हणजे पुढच्या हंगामात परत आलेलं बियाणं!

आता घरचं बियाणं टिकवायचं कसं? आजीची आयडिया: मडकं, चुलीतली राख, कडुनिंबाचा पाला. यातली राख भलतीच डेंजर चीज आहे बरं का. भुंग्या-सोंड्यांच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, तो त्यांच्या शरीरातलं पाणी धरून ठेवतो. राखेचे बारीक कण तो थर खरवडतात. पाणी उडून जातं, किडा सुकून खल्लास! शून्य रुपये, शून्य विष.

पेरणीचे पेटंट कोणाचे?

माहीत आहे का? पाठ्यपुस्तकांत पेरणीयंत्राचं श्रेय इंग्लंडच्या जेथ्रो टलला मिळतं. साल १७०१. पण १७९० च्या दशकात कॅप्टन थॉमस हॅलकॉट नावाचा इंग्रज अधिकारी दक्षिण भारतात फिरत होता. ओळीत पेरणारी अवजारं ही युरोपची मॉडर्न करामत, असं तो समजून चालला होता. इथे पाहतो तर साधे शेतकरी बैलांच्या मागे पाभर धरून सर्रास ओळीत पेरताहेत! त्याने १७९७ मध्ये तसं लिहून कळवलं आणि मॉडेलही मायदेशी धाडलं.

आपली तिफण त्याच खानदानातली. तीन फण, तीन नळ्या आणि वर लाकडी वाडगा, म्हणजे चाडं. मुठीतलं बी चाड्याच्या तीन भोकांत सारखं पडलं पाहिजे, एका नळीत जास्त, दुसरीत कमी असं चालत नाही. बैल चालताहेत, जमीन उंचसखल आहे, मूठ मात्र एका लयीत सुटतेय. ज्वारीला मूठ वेगळी, हरभऱ्याला वेगळी! ही मूठ बहुतेक घरांत बायांकडे असते. आणि रिझल्ट? लपवायची सोयच नाही. आठवड्याभरात रोपं उगवतात आणि कोणाची मूठ कुठे चुकली ते सगळ्या गावाला दिसतं. परीक्षेचा निकाल एवढा उघड्यावर दुसरीकडे कुठे लागत असेल?

लगे हाथ नांगराचंही ऐका. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा तो घ्यायला शेतकरीच तयार होईनात. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, असा समज! पहिले नांगर खपायला दमछाक झाली. नंतर काय झालं ते त्यांच्या कारखान्याच्या गावाला, किर्लोस्करवाडीला विचारा.

आंबा खा, पण कोय लावून हापूसची आशा धरू नका

ही गोष्ट ऐकून भलेभले चाट पडतात. हापूसची कोय पेरली तर उगवणारं झाड हापूस नसतं! कोयीतलं रोप परागीभवनातून जन्मतं, म्हणजे आई हापूस, बाप कोण ते वारा-माश्यांनाच ठाऊक. फळ आंबट निघेल, दोऱ्यांचं निघेल, नशीब फळफळलं तर गोडही निघेल. हापूस हवा तर हापूसच्याच झाडाची काडी घ्यायला लागते. थोडक्यात काय, रत्नागिरी-देवगडच्या बागांतलं प्रत्येक कलम हे जुन्या हापूस झाडांचं क्लोन आहे. कोकणी माणूस शेकडो वर्षं क्लोनिंग करतोय आणि लोक डॉली मेंढीचं कौतुक करत बसले!

यातलं सर्वांत देखणं स्किल म्हणजे कोयकलम. हे जरा जवळून पाहूया, घाई करू नका.

पावसाळ्याच्या तोंडावर रायवळ आंब्याच्या कोयी गादीवाफ्यात टाकतात. अंकुर वर येतो, पानं तांबूस, तुकतुकीत. रोप दहा-पंधरा दिवसांचं झालं, पानांचा तांबडा रंग अजून उतरला नाही, की तीच वेळ. हिरवी पडली की उशीर झाला. रोप कोयीसकट उचलायचं, कोयीच्या वर चार बोटं ठेवून खोड आडवं कापायचं आणि मधोमध उभा काप द्यायचा. इकडे हापूसची तीनचार महिन्यांची, डोळा फुगलेली काडी निवडून ठेवलेली असते. तिची पानं आठवडाभर आधीच देठ ठेवून छाटलेली, म्हणजे सगळा जोर शेंड्याकडे. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तिरका तास देऊन पाचर करायची. पाचर कापात सरकवायची, साल सालीला भिडवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधायची. चाकू एका फटक्यात चालला पाहिजे. दोनदा फिरवला की काप ओबडधोबड होतो, मध्ये हवा राहते, कलम बसत नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दोन-तीन आठवड्यांत शेंडा फुटतो. फुटला की शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे हसू फुटतं त्याला तोड नाही.

बोनस फॅक्ट: दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'रत्ना' आणि हापूसच्या संकरातून 'सिंधू' नावाचा आंबा काढला. त्याची कोय इतकी पातळ, की बाठा चोखणाऱ्यांची पार निराशा!

मधुर मंडळ

माहीत आहे का? भारतातलं पहिलं 'मधाचं गाव' महाबळेश्वरच्या कुशीत आहे. नाव मांघर, साल २०२२. इथल्या बहुतेक घरांचा मधमाशांशी धंद्याचा संबंध. भाडं न देणारे भाडेकरू, पण मध देऊन जातात!

आपल्याकडच्या मधमाशांचे स्वभाव म्हणजे वेगळाच वेबसीरीजचा विषय. आग्या माशी कड्यावर, उंच झाडावर उघड्यावर एकच भलंमोठं पोळं बांधते. फुलोरी माशी झुडपात इवलंसं, तेही एकच. सातेरीला मात्र अंधार लागतो. ती झाडाच्या ढोलीत एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. आणि म्हणूनच या तिघींपैकी पेटीत मावते फक्त सातेरी! आग्याला पेटी देऊन पाहा, ती ढुंकूनही बघणार नाही. तिच्या नादाला न लागलेलंच बरं.

पेटी उघडताना धुराडं कशाला? धूर आला की आग लागली असं समजून माशा पोटभर मध पिऊन घेतात आणि जड होतात. शिवाय त्यांचा धोक्याचा इशारा हा वासाचा असतो, तो धुरात हरवतो. अलार्मच म्यूट!

आता पाळणाऱ्यांचा एक अजब नियम. पेटी हलवायची तर एकदम दोन-तीन फूट हलवा, नाहीतर थेट काही किलोमीटर लांब न्या. मधलं अंतर बिलकूल नको. का? कामकरी माशीने घराचा पत्ता पाठ केलेला असतो. पेटी शंभर फूट सरकवली तर संध्याकाळी ती जुन्या जागेवर येऊन घिरट्या घालत राहते. खूप लांब नेली की आजूबाजूचं सगळंच अनोळखी दिसतं आणि ती पत्ता नव्याने पाठ करते. पेटी नेतात रात्री, सगळ्या घरी आल्यावर. शिफ्टिंगचं एवढं शिस्तीचं प्लॅनिंग माणसांनाही जमत नाही!

एक कामकरी माशी उभ्या आयुष्यात साधारण चहाच्या चमच्याचा बारावा हिस्सा मध बनवते. पुढच्या वेळी बाटलीच्या तळाशी मध राहिला तर टाकू नका, प्लीज. आणि फुलांचा पत्ता एकमेकींना सांगायला त्या नाचतात. हा नाच वाचणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. पुण्यात खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. शिकायचं असेल तर तिथे कोर्स चालतात.

थर्मामीटर कशाला, गुळव्या आहे ना!

चला कोल्हापूरला. इथल्या गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण गुऱ्हाळाचा खरा जीआय म्हणजे गुळव्या. तोच बॉस!

काहिलीत रस उकळायला लागला की त्यात रानभेंडीचं चिकट पाणी घालतात. ते रसातली घाण कवेत घेऊन वर येतं, ती मळी झाऱ्याने काढून टाकायची. एकदा, दोनदा, रस नितळ होईपर्यंत. भेंडीच्या भाजीला नाकं मुरडणाऱ्यांनी नोंद घ्यावी, तुमचा गूळ भेंडीने स्वच्छ केलाय!

पुढे खेळ सगळा आचेचा. चुलवाणात जळतात उसाचीच वाळलेली चिपाडं. म्हणजे उसाचा रस उसाच्याच जिवावर आटतो. साधारण १०५ अंशांच्या आसपास थांबलात तर हातात काकवी. ११८ च्या आसपास थांबलात तर गूळ. त्यापुढे गेलात तर करपलेला माल आणि मालकाची बोलणी. मध्ये जेमतेम बारा-तेरा अंश! आणि गुळव्या हे सगळं बुडबुड्यांच्या आकारावरून ओळखतो. आधी फेस, मग मोठे फुगे, मग काहिलीभर जड, संथ रटरट. शेवटी तो उलथन्यावरचा थेंब गार पाण्यात सोडतो. थेंब पसरला तर थांबा. बोटांत गोळी वळली आणि ती भांड्याच्या कडेला मारल्यावर टणकन वाजली, की आरोळी ठोकतो, "उतरवा!" मग सगळे धावतात. काहील वाफ्यात रिकामी होते, फावड्याने घोटाई सुरू होते आणि गरमागरम गूळ साच्यात बसून तीस किलोचा रवा तयार होतो. एवढ्या वेळात कोणी रील बघत बसला तर काहील गेली म्हणून समजा.

गुऱ्हाळावर जाणार असाल तर वाटी सोबत न्या. का ते सांगायला नको.

कोल्हापुरात आहातच तर पहाटे दूध कट्टा गाठा. म्हशी तिथेच उभ्या, धारोष्ण दूध थेट पेल्यात! पंढरपुरी म्हशीची शिंगं पाहिलीत का कधी? पाठीवरून मागे जात दीड मीटरपर्यंतही वाढतात. अशा म्हशीशेजारी सेल्फी घेताना अंतर राखा.

आणि पायात कोल्हापुरी आहे ना? तिचं चामडं कमावतात बाभळीची साल आणि हिरडा वापरून. २०१९ मध्ये तिला जीआय मिळाला तो आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातले चार, कर्नाटकातले चार. सीमावादात एवढी सुंदर फिफ्टी-फिफ्टी दुसरीकडे दाखवा!

लोखंडालाही तहान लागते

लोहाराच्या भाषेत विळ्याला 'पाणी पाजतात'. म्हणजे काय, हे भट्टीशेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तापून लाल झालेलं पातं पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण इतकं कडक की दगडावर आपटलं तर काचेचं भांडं फुटावं तसं तुटेल. म्हणून धार घासून चकचकीत करायची आणि पुन्हा हळूहळू ऊब द्यायची. आता नजर धारेवर! पोलादावर रंग सरकायला लागतात. वाळल्या गवताचा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण २२०-२३० अंशांवर, निळा ३०० च्या आसपास. पिवळ्यावर थांबवलं तर धार टिकाऊ, निळ्यापर्यंत जाऊ दिलं तर पातं लवचीक. हवा तो रंग आला की पुन्हा पाण्यात. चुर्र!

आणखी एक सीक्रेट: गावातला झकास कोयता बहुतेकदा जुन्या ट्रकच्या कमानपाट्यांतून घडलेला असतो. हायवेवर लाखो किलोमीटर धावलेलं पोलाद आता ऊस तोडतंय. रिसायकलिंगचा बाप!

गवत की झाड? कोर्टकचेरीचा बांबू

बांबू हे गवत आहे, हे शाळेत शिकलात. पण कायद्याच्या लेखी १९२७ पासून तो झाडच होता! त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडून न्यायलाही परवान्यांची भानगड. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या यादीतून सुटला. नव्वद वर्षांनी गवताला गवत म्हटलं गेलं.

वाढीचा रेकॉर्डही ऐकून ठेवा. बांबूच्या काही जाती दिवसाला ९१ सेंटिमीटरपर्यंत वाढतात, तशी गिनीज बुकात नोंद आहे. सकाळी कमरेखाली, दुसऱ्या दिवशी डोक्यावर!

पण बुरूड काम शिकायला बसलात की पहिला धडा विणायचा नसतो, निवडायचा असतो. कोवळा बांबू फसवतो. तीन वर्षांच्या पुढचा हवा, अंगावरची पांढुरकी भुकटी आणि सोपटं गळलेली, कोयत्याच्या उलट्या बाजूने ठोकला तर खणखणीत वाजणारा. पावसाळ्यात तोडायचा नाही. तोडल्यावर वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे त्यातला पिठूळ अंश धुऊन जातो आणि पोखरणाऱ्या किड्यांना खायला काही उरत नाही. मग कामट्या काढायच्या, तासायच्या आणि सूप, रोवळी, दुरडी, कणगी, डालगं... लिस्ट संपत नाही.

माझं सर्वांत लाडकं डिझाइन मात्र इरलं. बांबूच्या जाळीत पानांचा थर दाबून बनवलेलं, डोक्यावरून थेट कंबरेखाली उतरणारं. लावणी करताना बाई वाकलेली असते, पाठीवर पाऊस कोसळतो आणि दोन्ही हात मोकळे! छत्रीला हे आजतागायत जमलेलं नाही.

शिकायचं कुठे? चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. मेळघाटात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. कोकणात कुडाळला कोनबॅक ही बांबूचंच काम करणारी संस्था आहे. तिथला हुकमी एक्का म्हणजे माणगा बांबू, जवळपास भरीव, फर्निचरला एकदम फिट.

मेंढ्यांना रात्रीच्या मुक्कामाचं मानधन!

माहीत आहे का? काही पाहुणे रात्री शेतात झोपायचे पैसे घेतात! धनगरांचा वाडा पावसाळा संपल्यावर चाऱ्याच्या शोधात निघतो. वाटेतले शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढ्या बसवायला बोलावतात आणि बदल्यात धान्य किंवा रोख देतात. लेंड्या आणि मूत रात्रभरात शेतभर पसरतं, खुरांनी तुडवलंही जातं. होम डिलिव्हरी, तीही फुकट मिक्सिंगसह!

त्याच दख्खनी मेंढीच्या लोकरीचं घोंगडं. काळं घोंगडं बऱ्याचदा रंगवलेलं नसतंच, मेंढीच काळी! आणि मागावर चढवण्याआधी ताण्याला खळ लावतात ती चिंचोक्यांची. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे. चिंच आमटीत, चिंचोके घोंगड्यात, वाया काहीच नाही.

एक लाखाचा चरखा

१९२९ मध्ये चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. तेव्हाचे एक लाख, बरं! गांधीजींच्या पुढाकाराने चरखा संघाने ही स्पर्धा लावली. अटी कडक: किंमत दीडशे रुपयांच्या आत, आठ तासांत १६,००० फूट सूत आणि वीस वर्षं टिकण्याची ताकद. जगभरातून मॉडेलं आली. बक्षीस? कोणालाच मिळालं नाही.

पण पुढचा ट्विस्ट पुण्यातला आहे. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना घडी घालून पेटीत मावणारा चरखा आकाराला आला, तोच 'येरवडा चक्र'. लॅपटॉपच्या कितीतरी आधी पोर्टेबल डिव्हाइस आपल्याकडे तयार होतं, तेही जेलमध्ये. जुने चरखे आणि ग्रामोद्योगाची अवजारं डोळे भरून पाहायची असतील तर वर्ध्याचं मगन संग्रहालय गाठा. १९३८ मध्ये गांधीजींनीच त्याचं उद्घाटन केलं. त्याच्या आदल्याच वर्षी वर्ध्यात 'नई तालीम' मांडली गेली होती. हाताने काम करत शिकायचं, ही तिची मूळ कल्पना.

गोव्याचा ऑटोमॅटिक दरवाजा

सेन्सर नाही, मोटर नाही, वीज नाही, तरी दिवसातून दोनदा उघडतो आणि दोनदा बंद होतो! गोव्यातल्या खाजन शेतीचा हा लाकडी दरवाजा, म्हणजे मानस. मांडवी-जुवारीच्या काठी खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली ही शेतं. भरती आली की नदीचं पाणी दाराला बाहेरून ढकलतं, दार घट्ट बंद. ओहोटी लागली की आत साचलेलं पाणी दाराला रेटतं, दार आपोआप उघडं. चंद्र हाच स्विच! शिवाय पाण्याबरोबर मासळीही येते. म्हणजे एकाच शेतात भातही आणि कढीतली मासळीही. इथलं कोरगुट भात खारेपणा सोसतं म्हणून हे सगळं जमतं.

आणि काजू? फेणीसाठी बोंडं झाडावरून तोडायची नसतात, आपणहून गळून पडलेलीच वेचायची. पूर्ण पिकल्याशिवाय बोंडू गळत नाही, म्हणून निवडीची कटकट झाडच मिटवतं. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मिळाला. चिअर्स, पण बेतानेच!

पटकन सांगलीला येऊन जाऊ. हरिपूरला हळद ठेवायची कोठारं जमिनीच्या पोटात! ही पेवं. खोल खड्डा, आत पाचटाचं अस्तर, वर मातीने हवाबंद तोंड. हवा नाही, तर कीड नाही. हळद वर्षानुवर्षं टवटवीत. पेव उघडल्या उघडल्या मात्र कोणी आत उडी मारत नाही, आतली कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देतात. २००५ च्या महापुराने यातली पुष्कळ पेवं निकामी केली. ही जागा जपायला हवी, मनापासून वाटतं.

बेसन, गूळ... लाडू? छे, जीवामृत!

दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. इथपर्यंत तोंडाला पाणी सुटतं. पुढे दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, मूठभर बांधावरची माती आणि दोनशे लिटर पाणी. सुटलेलं पाणी गिळा! अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी घराघरांत पोचवलेली ही एका एकराची रेसिपी. सावलीत दोन दिवस ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. गूळ आणि बेसन हे सूक्ष्मजीवांचं जेवण, पार्टी त्यांची! पाळेकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.

श्रीपाद दाभोळकर मुळात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' सुरू केला. शेतकऱ्याने आपल्याच रानात प्रयोग करायचा, मोजायचं, लिहायचं आणि दुसऱ्याला सांगायचं. द्राक्षबागायतदारांनी हे गणित असं सोडवलं की गोड उत्तरं आली, घडाघडाने!

अॅडमिशन ओपन आहे

पाबळ नाव ऐकलंय? पुणे जिल्ह्यातलं दुष्काळी गाव. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. मुलं वेल्डिंग करतात, शेळ्या सांभाळतात, वायरिंग करतात, स्वयंपाक करतात, रोपवाटिका चालवतात आणि हाच त्यांचा अभ्यासक्रम! आणि आता धमाका: अमेरिकेतल्या एमआयटीने फॅब लॅब ही डिजिटल कार्यशाळेची कल्पना काढली, तेव्हा एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये कुठे उभी राहिली? पाबळला!

कृषी विज्ञान केंद्र तर तुमच्या जिल्ह्यातही असेलच. पहिलं सुरू झालं १९७४ मध्ये, पुद्दुचेरीला. आज देशभरात सातशेहून अधिक आहेत. कुक्कुटपालन, रोपवाटिका, गांडूळखत, प्रक्रिया उद्योग, काय हवं ते विचारा. फोन उचलतात, तिकडे जा, बिनधास्त जा.

आणि हा योगायोग बघा. जुन्या गावगाड्यात बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत कामं किती? बरोब्बर अठरा! सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, बुरूड काम करणारे, होड्या बांधणारे, मासेमारीची जाळी विणणारेसुद्धा. प्रशिक्षणात रोज पाचशे रुपये भत्ता आणि अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत. शिकायचे पैसे द्यायचे नाहीत, उलट मिळतात!

शेत नाही, अंगण नाही, फ्लॅट चौथ्या मजल्यावर? मग आज रात्रीच करता येईल असं एक खरंखुरं शेतकरी स्किल घ्या: उगवणशक्ती चाचणी. सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घ्या. अख्खे हवेत, आणि सरसकट उचला. चांगले चांगले निवडाल तर चीटिंग! गोणपाटाचा तुकडा ओला करून पिळा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरा ओला तुकडा टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडा आणि मोड आलेले धडधाकट दाणे मोजा. ७० किंवा जास्त? बियाणं पास, नेहमीच्याच प्रमाणात पेरा. ६५ आले? जरा जास्त बी धरायचं. अर्धेही नाही आले? ते बियाणं पेरायचंच नाही, दुसरं शोधायचं. मोजायला पोरांना बसवा, शंभरपर्यंतच्या पाढ्यांपेक्षा हे त्यांना जास्त आवडतं!